कोळसा सोडून बेटांच्या मागे: नागपूरच्या जिऑलॉजीवाल्यांसाठी

नागपुरात जिऑलॉजी घेतली की घरचे तुम्हाला मनातल्या मनात वेकोलित (वेस्टर्न कोलफील्ड्स) नोकरीला लावून मोकळे होतात, आणि त्यांचंही काही चुकत नाही बाप्पा, वेकोलि इथं, मँगनीजवाली मॉयल इथं, खनिजं शोधणारी एमईसीएल इथं, इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथं, जीएसआयचं (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं) मोठं ऑफिस सेमिनरी हिल्सवर, दगडावर पोट भरायचं तर याहून सोयीचं शहर शोधून सापडणार नाही. मी एमएस्सीनंतर तैवानला गेले आणि आर्क-काँटिनेंट कोलिजनवर पीएचडी केली, म्हणजे ज्वालामुखी बेटांची रांग खंडाच्या कडेला येऊन धडकते आणि त्यातून डोंगर वर येतो तो विषय. या लाइनमध्ये यायची इच्छा असलेले पोट्टे-पोट्टी फिरून फिरून तेच विचारतात, ताई, नागपूरला ना समुद्र ना ज्वालामुखी, आपल्याला कोण घेईल? म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकते.

आधी विषय. एक समुद्री प्लेट दुसरीच्या खाली जाते आणि वर ज्वालामुखींची कमान तयार होते, इथपर्यंत बीएस्सीलाच पाठ झालेलं असतं. पुढची गोष्ट अशी की त्या खाली जाणाऱ्या प्लेटला मागे जोडलेला एखादा खंड असतो, तो ओढला ओढला जात खंदकापाशी, म्हणजे प्लेट जिथं खाली वाकते तिथं, पोचतो आणि तिथं गाडं अडतं, कारण खंडाचा क्रस्ट म्हणजे वरचं कवच हलकं, घनता २.७ च्या आसपास, खालच्या मँटलची ३.३, तो आत जायला मागत नाही, थोडा जातो मग चुरगळतो, जाड होतो, वर येतो. तिमोरमध्ये ऑस्ट्रेलियाची कड बांदा आर्कला भिडली आहे, पापुआ न्यू गिनीत फिनिस्टेर डोंगर असेच झाले, तैवानात लुझोन आर्क युरेशियाच्या कडेवर चढून राहिली आहे. जपानमध्ये इझूला उलटा प्रकार, तिथं कमानच खाली जाणाऱ्या प्लेटवर बसून आली आणि होन्शूला धडकली. ही तीन-चार उदाहरणं नकाशासकट डोक्यात बसवा, कोण कोणाखाली जाते त्याचा बाण काढता आला पाहिजे, इंटरव्ह्यूत सगळ्यात आधी तेच काढायला लावतात.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला बसले ते. नवीन माणूस "डोंगर वर येतो" म्हणतो तेव्हा तो तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरत असतो. खडक खालून वर येतो ते रॉक अपलिफ्ट, वरचा खडक झिजून निघून जातो आणि आतला उघडा पडतो ते एक्झ्युमेशन, आणि जमिनीची उंची खरोखर वाढते ते सरफेस अपलिफ्ट, आणि पहिल्यातून दुसरं वजा केलं की तिसरं उरतं. आपल्याला कूलरवरून हे पटकन समजते: मे महिन्यात टाकीत पाइप सोडून ठेवला तरी पातळी वाढत नाही कारण ताट्या तेवढंच पाणी पिऊन राहिल्या असतात, म्हणून काही पाइप बंद आहे असं कोणी म्हणत नाही. फिलिप इंग्लंड आणि पीटर मोल्नार यांनी १९९० मध्येच हे लख्ख मांडून ठेवलंय, तरी आजही कॉन्फरन्सच्या पोस्टरवर लोक फिशन ट्रॅकची वयं, म्हणजे झिजेने वर येता येता खडक कधी थंड झाला ते, दाखवतात आणि खाली उंची वाढल्याचा निष्कर्ष लिहून मोकळे होतात.

तैवानचाच हिशोब घ्या. फिलिपाइन सी प्लेट वर्षाला साधारण ८ सेंटिमीटर वायव्येकडे सरकते, डोंगरात कितीतरी ठिकाणी खडक वर्षाला ५ मिलिमीटरच्या आसपास वर येतो असं धरलं तर १० लाख वर्षांत ५ किलोमीटर झाले, आणि टक्कर चालू होऊन ५०-६० लाख वर्षं झाली असं बहुतेक जण मानतात, मग युशान शिखर ३,९५२ मीटरवरच का थांबलं? बाकीचा खडक गेला कुठं? समुद्रात गेला. तैवानच्या नद्या वर्षाला साधारण ३८ कोटी टन गाळ नेऊन टाकतात, एवढ्याशा बेटावरून, कारण टायफून येतो, उतार तीव्र, खडक आधीच भूकंपांनी खिळखिळा झालेला. म्हणजे वर येणं जोरात, झिजणंही जोरात, उंची जवळजवळ तिथंच. जॉन सुप यांनी १९८१ मध्ये ही स्थिर अवस्थेची कल्पना तैवानवरूनच मांडली होती आणि आमचं सगळं क्षेत्र अजून तिच्याशीच भांडून राहिलं आहे.

त्यातली मजा म्हणजे ही टक्कर तिरकी आहे, सगळीकडे एकदम झालेली नाही. दक्षिणेला लुदाओ आणि लान्यू ही ज्वालामुखी बेटं अजून समुद्रातच आहेत, जमिनीला चिकटलेलीच नाहीत, थोडं उत्तरेला त्याच रांगेतली बेटं कोस्टल रेंज म्हणून बेटाला जोडली गेली, आणि अगदी ईशान्येला इलानच्या मैदानाकडे टक्कर संपून जमीन उलट ताणली जाऊन राहिली आहे. दक्षिणेकडून उत्तरेकडे गेलं की एकाच टकरीची पुढची पुढची अवस्था पाहायला मिळते, म्हणून जगभरचे लोक तिथं येतात. हुआलिएनहून ताइदोंगला रेल्वेने जा, डावीकडच्या खिडकीत कोस्टल रेंज म्हणजे जुनी बेटं, उजवीकडे सेंट्रल रेंज म्हणजे खंडाचे भाजून निघालेले खडक, आणि गाडी मधल्या दरीतून जाते ती दरी म्हणजे सांधा. तिकीट काढतानाच खिडकीची सीट मागा.

त्याच दरीत चिशांग नावाचं गाव आहे, धानासाठी प्रसिद्ध, सगळीकडे बांध्याच बांध्या, भंडारा-गोंदियाच्या माणसाला परकं वाटणार नाही. या गावाखालचा फॉल्ट, म्हणजे जिच्यावर खडक सरकतात ती भेग, भूकंपाची वाट न पाहता रोज थोडा थोडा सरकतो, वर्षाला २ सेंटिमीटरच्या आसपास. तिथल्या एका प्राथमिक शाळेच्या आवारात हे सरकणं मोजणारे क्रीपमीटर बसवलेत. काँक्रीटच्या भिंतीला तडा जातो, लोक सिमेंट भरतात, काही वर्षांत परत तडा, आणि तुम्ही नुसती टेप लावून किती सरकलं ते मोजू शकता, मोठं यंत्र लागत नाही. सरकतो म्हणून भूकंप होत नाही असंही नाही, डिसेंबर २००३ मध्ये याच फॉल्टवर ६.८ चा झाला. गंमत अशी की पावसाळ्यात तो जास्त सरकतो आणि कोरड्या दिवसांत मंदावतो. माझ्या पीएचडीच्या गाइडने मला तिथं नेलं तेव्हा काही समजावून सांगितलं नाही, हातात वही दिली आणि तड्याची दिशा मोज म्हणाले.

वेग काढायचा कसा? किनाऱ्यावर असाल तर पोवळं म्हणजे कोरल. उदाहरण घ्या, समुद्रसपाटीपासून ६० मीटर वर कोरलची एक पायरी आहे आणि तिचं वय १,२५,००० वर्षं निघालं. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा साधारण ६ ते ९ मीटर वर होता, तेवढे वजा करा, राहिले ५१ ते ५४ मीटर, भागिले सव्वा लाख, म्हणजे वर्षाला ०.४ मिलिमीटरच्या थोडं वर. झालं. इंडोनेशियात सुम्बा बेटावर केप लाउंडीला अशा पायऱ्या ४७५ मीटरपर्यंत चढत जातात, जवळजवळ १० लाख वर्षांचा रेकॉर्ड. गणित पाचवीतलं, खरी डोकेदुखी सॅम्पलची. कोरल मुळात अ‍ॅरॅगोनाइटचं, पावसाचं पाणी मुरलं की त्याचं कॅल्साइट होते आणि ज्याच्यावरून वय काढतो ते युरेनियम इकडचं तिकडे होते, मग वय कचरा. म्हणून हातोडीने फोडल्यावर आधी हँडलेन्स लावायची, चकाकते दाणे दिसले की तुकडा बाद, बाकीच्यांची एक्सआरडी (एक्स-रेने खनिज ओळखायची चाचणी) करायची, आणि तरीही आकडे आल्यावर युरेनियम-२३४ आणि २३८ चं सुरुवातीचं गुणोत्तर १.१५ च्या आसपास येते की नाही पाहायचं, नाही आलं तर वय कितीही आवडलं तरी सोडून द्यायचं. हे सोडून देणं जमणारे लोक कमी असतात.

आणि घड्याळं वेगवेगळी आहेत हे विसरू नका. जीपीएस वीस-तीस वर्षांचं सांगते, कोरल हजारो-लाखो वर्षांचं, अ‍ॅपेटाइट फिशन ट्रॅक खडक ११० डिग्रीच्या आसपास कधी थंड झाला ते सांगते म्हणजे लाखो-कोटींचं, आणि तिन्ही आकडे जुळत नाहीत. का जुळत नाहीत तोच तुमचा थिसिस. अंदमानचं पाहा, २६ डिसेंबर २००४ ला वायव्य किनारा मीटरभर वर आला, कोरल उघडं पडून पांढरं झालं, त्याच वेळी पोर्ट ब्लेअर मीटरभर खचलं आणि इंदिरा पॉइंट चार मीटरच्या वर खाली गेला. अशी एका दिवसात वाढलेली उंची पुढच्या शेकडो वर्षांत हळूहळू परतही जाऊ शकते, त्यामुळे एका भूकंपावरून दर काढणाऱ्याचं ऐकू नका.

आता नागपुरात बसून काय करायचं. समुद्र नाही ही काही अडचण नाही, अडचण आहे गणिताची, आपल्याकडे जिऑलॉजी घेणाऱ्यातले अर्धे गणित सुटावं म्हणून घेतात. कॅल्क्युलस परत काढा, पायथन शिका, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाका, ३० मीटरचा डीईएम (जमिनीच्या उंचीचा डिजिटल नकाशा) फुकट मिळतो, कोस्टल रेंजच्या नद्या काढा, त्यांचे लांबीछेद काढा, निकपॉइंट म्हणजे नदीचा उतार एकदम तुटतो त्या जागा शोधा, कुठं धबधबा फॉल्टमुळे आणि कुठं फक्त खडक कडक म्हणून ते भूशास्त्रीय नकाशा खाली ठेवून वेगळं करा. माझं एमएस्सीचं डेझर्टेशन एवढंच होतं, धरमपेठेतल्या रूमवर, दुपारी लॅपटॉप इतका तापायचा की काम रात्री करावं लागे, तैवान मी तोवर पाहिलंही नव्हतं.

दुसरं, रामटेक-मनसरला जा. सौसर ग्रुपचे संगमरवर, शिस्ट, मँगनीजवाले गोंडाइट, हे सगळं एका फार जुन्या टकरीत खोलवर भाजून, घड्या पडून मग झिजेने वर उघडं झालेलं आहे. तैवानमध्ये टकरीचं वरचं अंग दिसते, आपल्याकडे खालचं. घडीचा अक्ष, लिनिएशन (खडकातल्या रेघांची दिशा), शिअर सेन्स (खडक कुठल्या बाजूला घसरला) हे मोजायचा हात तिथंच बसतो, आणि हात बसलेला माणूस फील्डवर पहिल्या दिवशीच ओळखू येतो. खाणीत जायला परवानगी लागते, डिपार्टमेंटचं पत्र घेऊन आधी अर्ज करा, गेटवर हुज्जत घालू नका.

भारतातच खरी आर्क पाहायची असेल तर लडाख, द्रासचे ज्वालामुखी खडक आणि लडाख बॅथोलिथ (खोलवर थिजलेला ग्रॅनाइटचा प्रचंड गोळा) म्हणजे टेथिस समुद्रातल्या जुन्या कमानीचे अवशेष आहेत, व्हिसा नको काही नको. अंदमानात ऑफियोलाइट, म्हणजे जमिनीवर चढलेला समुद्रतळाचा खडक, चांगला दिसतो पण जारवा राखीव क्षेत्रात शिरायचा विचारही करू नका, आणि जंगल खात्याची परवानगी वेळेत मागा.

अ‍ॅडमिशनचं थोडक्यात. एमएस्सीसाठी जॅम ही प्रवेश परीक्षा, पुढं गेटचा जीजी (जिऑलॉजी-जिओफिजिक्स) पेपर, स्कोअर तीन वर्षं चालतो, आणि सीएसआयआर नेट अर्थ सायन्स. देशात देहरादूनची वाडिया इन्स्टिट्यूट आहे, अहमदाबादची पीआरएल आहे. बाहेर जायचं तर तैवानच्या अकॅडेमिया सिनिकाचा टीआयजीपी म्हणून इंग्रजीतला पीएचडी प्रोग्राम पाहा, त्यात अर्थ सिस्टिम सायन्सची शाखा आहे आणि स्टायपेंड मिळतो, जपानला तिथल्या सरकारची मेक्स्ट स्कॉलरशिप. प्रोफेसरला मेल टाकताना "रिस्पेक्टेड सर, आय अ‍ॅम व्हेरी हार्डवर्किंग" हे बंद करा, त्यांचा एक पेपर नीट वाचून त्यातला एक आकडा तुम्हाला का पटला नाही ते चार ओळींत लिहा आणि तुमचा एक नकाशा जोडा. नकाशावर स्केल आणि उत्तर दिशा असू द्या. उत्तर नाही आलं तर दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, तिसऱ्यांदा नको.

शाकाहारी लोकांनी घाबरू नये, तैवानात बौद्ध शाकाहारी खानावळी जागोजागी आहेत. फील्ड नोव्हेंबर ते मार्च धरा, जुलै ते सप्टेंबर टायफूनचा. कोस्टल रेंजच्या लिची नावाच्या राखाडी मातीत पाऊस पडला की बूट घोट्यापर्यंत जातो आणि बाहेर येताना मोजा येतो, बूट येत नाही, त्यामुळे बांधायचे बूटच घ्या.

घरच्यांसाठी एक उत्तर तयार ठेवा. यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा, जीएसआयसाठी, खुल्या गटाला वय ३२ पर्यंत, आणि स्ट्रक्चरल, टेक्टॉनिक्सचा अभ्यास तोच आहे, वाया काही जात नाही. मी पीएचडीचे अर्ज आणि ही परीक्षा एकाच वर्षी दिली. प्रिलिम निघाली होती, मेन्सच्या आधी तैवानचं ऑफर लेटर आलं, आणि आई अजूनही पाहुण्यांना सांगते की पोरीनं जीएसआय सोडली.