डायकिरी पाणचट का होते?

डायकिरी, म्हणजे रम आणि लिंबाचं कॉकटेल, मूळची क्यूबाची. सान्तियागोजवळच्या, लोखंडाच्या खाणींच्या डायकिरी गावाचं नाव तिला मिळालं. माप साधं: पांढरी रम 60 मिली, ताजा लिंबाचा रस 25 मिली, साखरेचा पाक 20 मिली. पाकासाठी साखर आणि पाणी समान वजनाने घेऊन ढवळा, उकळायची गरज नाही. आपलं कागदी लिंबू इथे चपखल बसतं. फक्त साल चुरडेपर्यंत पिळू नका, रस कडवट होतो.

चव बिघडते ती बहुधा बर्फामुळे. 1 ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे 80 कॅलरी उष्णता ओढून घेतो, म्हणजे पेय गार होतं ते मुख्यतः बर्फ वितळतो म्हणूनच. थोडं पाणी मिसळणं त्यामुळे अटळ, आणि हवंही. नाहीतर रम घशाला झोंबते. पण बाहेर राहून पाणी सुटलेला बर्फ घातला, तर ते पाणी फारसा गारवा न देताच पेयात उतरतं. म्हणून फ्रीझरमधले मोठे खडे थेट शेकरमध्ये टाका. शेकर नसेल तर घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा चालतो. 12 ते 15 सेकंद जोरात हलवा, भांड्यावर बाहेरून पांढरट दव धरलं की लगेच गाळा. कुटलेला बर्फ नकोच, तो भराभर वितळतो.