सोलापुरात हेम्प बियांचे पदार्थ विकताना: बॅच, लेबल आणि नमुना

नवी पेठेतल्या दुकानात कडक भाकरीशेजारी हेम्पच्या (भांग-गांजाच्याच वनस्पतीच्या) बियांची पाकिटं मांडण्याआधी एक गोष्ट पक्की करा. अन्न म्हणून परवानगी आहे ती फक्त बी, बियांचं तेल आणि बियांचं पीठ यांना. एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ही मुभा नोव्हेंबर २०२१ मध्ये दिली. पान, फुलोरा, अर्क तिच्यात बसत नाहीत. महाशिवरात्रीला गिऱ्हाईक भांगेच्या गोळ्या मागेल. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय भांग नुसती जवळ ठेवणं हाही गुन्हा आहे. गल्ल्याखाली एकही पुडी नको.

अन्नव्यवसायाची नोंदणी किंवा परवाना एफएसएसएआयच्या फॉसकॉस पोर्टलवर उलाढालीनुसार मिळतो. पण त्यात व्यवसायाचा प्रकार बरोबर हवा. पोत्यातून १०० ग्रॅमची पाकिटं भरलीत तर तुम्ही रिपॅकर झालात. शेंगाचटणीत हेम्प बी कुटून विकलीत तर उत्पादक. नुसत्या किरकोळ विक्रीच्या परवान्यावर ही दोन्ही कामं चालत नाहीत, आणि बरेच जण नेमके इथेच अडकतात.

माल घेताना त्याच बॅचचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. टीएचसीची (नशा आणणाऱ्या घटकाची) मर्यादा बियांत किलोमागे ५ मिलिग्रॅम, तेलात १०. सीबीडी, म्हणजे याच वनस्पतीतला नशा न आणणारा घटक, किलोमागे ७५ मिलिग्रॅमपर्यंत. टीएचसी बियांच्या आत तयार होत नाही. फुलोऱ्याचा चिकट राळेसारखा अंश टरफलाला लागून येतो. सफाई कमी पडली की एकाच पुरवठादाराची एक बॅच पास होते आणि पुढची नापास. म्हणून गेल्या वर्षीचा अहवाल बिनकामाचा. बिल, अहवाल आणि पाकीट या तिन्हींवरचा बॅच क्रमांक जुळवा, मगच पैसे द्या.

लेबलवर ‘हेम्प’ चालतं. गांजाचं पान, ‘कॅनाबिस’ किंवा ‘मारिजुआना’ असे शब्द, नशेची सूचना किंवा सीबीडीच्या गुणांचा दावा चालत नाही. मराठी लेबल करताना ‘तागाचं बी’ असं भाषांतर करू नका. ताग आणि अंबाडी ही वेगळी पिकं आहेत, आणि तागाचं बी विषारी असतं. या चुकीने माणूस आजारी पडू शकतो.

तेल उन्हाळ्यात सांभाळा. इथे पारा चाळिशीपार जातो, आणि हे तेल उष्णतेने, उजेडाने लवकर खवट होतं. गडद बाटली, थंड जागा, थोडाच साठा. खवट तेल कमी दर्जाचं ठरलं तर दंड ५ लाखांपर्यंत. चुकीच्या लेबलला ३ लाखांपर्यंत.

अन्नसुरक्षा अधिकारी नमुना घेतील तेव्हा वाद घालू नका. नमुन्याचे चार भाग तुमच्यासमोर सील होतात. चौथा भाग मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवण्याची मागणी तिथल्या तिथे लेखी द्या. नमुन्याची किंमत घ्या, नोटिशीची प्रत जपा. नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेला तर अपिलाला ३० दिवस मिळतात. खरेदीचं बिल आणि पुरवठादाराची लेखी हमी फाइलमध्ये असली, तर अपिलासोबत जोडायला तेच कागद हाताशी राहतात.