बाळंतपण माहेरी, नोंद परराज्यात : जनगणनेचा जन्मस्थान तक्ता वाचण्याआधी

कागलच्या घरात नांदणारी सून निपाणीची. दोन्हीकडची बोली एक, सणवार एक, बाजारहाटही एकमेकांकडे. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी होतं आणि बाळ-बाळंतीण कागलला परततात. जनगणनेच्या डी-१ म्हणजे जन्मस्थानाच्या तक्त्यात ही दोघंही ‘कर्नाटकात जन्मलेली’ म्हणून मोजली जातात. तो आकडा उचलून कोल्हापूर जिल्ह्यातल्या ‘कन्नड संस्कृतीचा टक्का’ म्हणून प्रबंधात लिहिला, की प्रकरण तिथेच फसलं. नवखे लोक सगळ्यात जास्त इथेच अडकतात, म्हणून यावर थोडं लांबण लावतो.

जन्माच्या वेळी आई कुठे होती, एवढंच जन्मस्थानाचा प्रश्न मोजतो. माणूस कुठे वाढला, घरात काय बोलतो, कुठल्या देवाला जातो, यातलं काहीही त्यात नाही. दोडामार्गची गरोदर बाई अडचण आली म्हणून गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात गेली, तर तिचं मूल ‘गोव्यात जन्मलेलं’. ते चार दिवसांत घरी आलं तरी तक्त्यात परराज्यातलंच राहतं. हा गुंता जनगणना कार्यालयालाही ठाऊक आहे. म्हणूनच २००१ मध्ये स्थलांतराच्या कारणांत जन्माशी निगडित स्थलांतराचं वेगळं कारण घातलं गेलं आणि २०११ मध्ये ते ‘जन्मानंतर स्थलांतर’ म्हणून आलं.

सापळा ओळखायची पहिली खूण सोपी आहे. परराज्यात जन्मलेल्यांची टक्केवारी पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी वेगवेगळी काढा. छेदात त्या-त्या लिंगाचीच लोकसंख्या घ्या, एकूण नव्हे. सीमेलगतच्या जिल्ह्यात शेजारच्या राज्याच्या ओळीत स्त्रियांचं प्रमाण पुरुषांपेक्षा ठळकपणे जास्त दिसलं, तर तो मुख्यतः लग्नाचा प्रवाह आहे. पुरुष जास्त असतील तर रोजगाराचा. दोन्ही जवळपास सारखे असतील, तर कुटुंबं आली आहेत किंवा बाळंतपणाच्या नोंदी मिसळल्या आहेत. मग स्थलांतराच्या कारणांचा डी-३ तक्ता उघडा.

इथे एक ताकीद. डी-१ जन्मस्थानावर आहे, तर डी-२ आणि डी-३ शेवटच्या राहत्या ठिकाणावर. एकातला आकडा दुसऱ्यातून वजा करू नका, ती मापंच वेगळी आहेत. कागलला जन्मून वीस वर्षं मुंबईत राहून परतलेला माणूस डी-१ मध्ये जिल्ह्यातलाच, पण डी-२ मध्ये स्थलांतरित. डी-३ मधलं लग्नाचं किंवा ‘जन्मानंतर’चं प्रमाण फक्त दिशा दाखवतं, आणि लिहितानाही ते दिशादर्शक म्हणूनच लिहा.

फाइल हाताळताना घोळ होतो तो बेरजांचा. ‘भारतात जन्मलेले’ या ओळीच्या पोटातच ‘राज्यात जन्मलेले’ येतात आणि त्यांच्या पोटात गणनेच्या ठिकाणी, जिल्ह्यात अन्यत्र आणि इतर जिल्ह्यांत जन्मलेले. पिव्हट (स्प्रेडशीटमधला गोषवारा तक्ता) करण्याआधी सगळ्या उपबेरजा काढून टाका आणि उरलेल्यांची बेरीज जिल्ह्याच्या लोकसंख्येशी जुळवून पाहा. ती जुळेपर्यंत पुढे जायचं नाही. दोन तास जातात, पण नंतरचे दोन महिने वाचतात.

आता उलटी बाजू, जी जास्त फसवी आहे. सोलापूरच्या पूर्व भागातली तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबं पिढ्यानपिढ्या तिथलीच. त्यांच्या मुलानातवंडांचं जन्मस्थान सोलापूर, म्हणजे डी-१ मध्ये ती दिसणारच नाहीत. उल्हासनगरचंही तसंच. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांपैकी सिंधमध्ये जन्मलेले लोक २०११ मध्ये साठीच्या पुढचेच होते. ‘पाकिस्तान’ची ओळ दर दशकात आटत जाते आणि सिंधी वस्ती मात्र जागच्या जागी असते. ओळ आटली म्हणून वैविध्य आटलं, असा निष्कर्ष साफ चूक आहे.

म्हणून शेजारी सी-१६, मातृभाषेचा तक्ता, हवाच. तो तालुक्यापर्यंत मिळतो, हे मोठं सुख आहे. जन्मस्थानाचे तक्ते गावपातळीवर मिळत नाहीत. मात्र ‘हिंदी’चा एकत्रित आकडा तसाच घेऊ नका. त्याच्या पोटात भोजपुरी आहे, मारवाडी आहे आणि बंजाऱ्यांची लमाणीही आहे. यवतमाळ-वाशीमकडच्या तांड्यांवरची माणसं अशाने ‘उत्तर भारतीय’ ठरतात. भाषेखालच्या मातृभाषांच्या ओळी एकेक करून घ्या. देशभरात दहा हजारांहून कमी लोकांनी सांगितलेल्या मातृभाषा ‘इतर’मध्ये जातात, हेही ध्यानात असू द्या.

हे सगळं वाचून घाबरायचं कारण नाही. एक जिल्हा, चार तक्ते आणि एक वही एवढ्यावर उत्तम काम होतं. तयार नकाशे आणि डॅशबोर्ड यांच्यापासून मात्र लांब राहा. रंग छान असतात, पण छेदात काय घेतलं ते कळत नाही. मार्गदर्शक निवडताना सॉफ्टवेअर किती येतं यापेक्षा त्यांनी कधी दारोदार प्रश्नावली भरून घेतली आहे का, ते पाहावं. हे माझं ठाम मत आहे. ज्यानं उंबऱ्यावर बसून ‘तुमचा जन्म कुठला?’ विचारलं आहे, त्याला माहेरच्या उत्तराचा अर्थ सांगावा लागत नाही.

वैविध्याचा निर्देशांक काढायचा तर साधं सूत्र पुरतं : प्रत्येक गटाच्या वाट्याचा वर्ग करा, त्यांची बेरीज १ मधून वजा करा. समजा वाटे ०.७, ०.२ आणि ०.१ आहेत. वर्गांची बेरीज ०.५४, निर्देशांक ०.४६. आता मधल्या गटाचे ०.१चे दोन तुकडे केले, तर तोच ०.४८ होतो. माणसं तीच, फक्त वर्गवारी बदलली. तेव्हा दोन जिल्ह्यांची तुलना करताना गटांची यादी अक्षरशः एकच ठेवा, आणि जन्मस्थानाचा व मातृभाषेचा निर्देशांक वेगवेगळा छापा. एकात मिसळू नका.

सीमांचं थोडक्यात. २०११च्या आकड्यांत पालघर नाही, तो ठाण्यात आहे. जिल्हा १ ऑगस्ट २०१४ला झाला. तेलंगणाची ओळही नाही, ती माणसं आंध्र प्रदेशात मोजली आहेत. निपाणी १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होती, तरी तिथे १९५० साली जन्मलेल्या आजी तक्त्यात कर्नाटकातल्याच. पुढच्या जनगणनेची संदर्भवेळ १ मार्च २०२७ ठरली आहे. ते आकडे २०११शी ताडून पाहायचे असतील, तर जुना ठाणे म्हणजे नवा ठाणे अधिक पालघर, जुना आंध्र म्हणजे आंध्र अधिक तेलंगणा, अशी जोडयादी आत्ताच वेगळ्या शीटवर करून ठेवा.