संस्कृती-अभ्यासाची पदवी आणि बडोद्यातील वाटा

संस्कृती-अभ्यासाची पदवी घेणाऱ्याला ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरातच सर्वांत आधी विचारला जातो, कारण वकिलीप्रमाणे या पदवीच्या नावाची नोकरी ठरलेली नसते. इतिहास, भाषा, कला आणि समाजशास्त्र एकत्र शिकून आपल्याला नेमके काय करता येते, हे म्हणूनच प्रत्यक्ष कामातून दाखवावे लागते.

सुरुवात एका वास्तूपासून करावी. बडोद्यातील जुन्या तांबेकर वाड्याच्या भिंतींवर पौराणिक प्रसंगांबरोबर युद्धाचे देखावेही रंगवलेले आहेत. रीतसर परवानगी घेऊन त्या चित्रांना क्रमांक द्यावेत, प्रत्येकाचा विषय व सद्यःस्थिती लिहावी, परिसरातील वृद्धांच्या आठवणी त्यांच्या लेखी संमतीने ध्वनिमुद्रित कराव्यात आणि हे सारे मराठी, गुजराती व इंग्रजीत मांडावे. एवढ्या एका प्रकल्पातून नोंदलेखन, मुलाखत, भाषांतर आणि संमतीविषयीची जाण ही चारही कौशल्ये दिसून येतात.

त्याच्या जोडीला मोडी लिपी शिकावी. गायकवाडी कारभाराचे कितीतरी जुने कागद मोडीत असल्याने, या शहरात मोडी वाचता येणे हे माझ्या मते आणखी एका प्रमाणपत्रापेक्षा अधिक मोलाचे आहे. घरच्या पेटीतील जुने दस्तऐवज सरावाला उत्तम असतात. त्यातून भाऊबंदकी तेवढी उकरू नये.

संग्रहालयाकडे ओढा असल्यास १८९४ मध्ये स्थापन झालेले बडोदा संग्रहालय केवळ प्रेक्षक म्हणून न पाहता, मांडणी व माहितीफलक यांतील उणिवा टिपत पाहावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात १९५२ पासून संग्रहालयशास्त्राचा विभाग आहे, तेथील पदव्युत्तर शिक्षणाचा विचार अवश्य करावा. सरकारी पदांच्या जाहिरातींत मात्र अनेकदा विशिष्ट विषयाचीच पदवी मागितलेली असते, त्यामुळे प्रवेश घेण्यापूर्वीच अशा दोन-चार जाहिराती काढून त्यांतील अर्हता वाचाव्यात. आदिवासी भाषा व मौखिक परंपरांमध्ये रस असणाऱ्यांनी, १९९६ मध्ये येथे सुरू झालेल्या ‘भाषा’ संस्थेचे आणि तिच्या तेजगढच्या आदिवासी अकादमीचे काम समजून घ्यावे. महाविद्यालयीन अध्यापनासाठी नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची तयारी लागते. प्रकाशन, चित्रपटांची उपशीर्षके (सबटायटल) आणि जुन्या वास्तू दाखवणाऱ्या वारसा-फेऱ्या हे मार्ग शिकतानाच आजमावता येतात.

अर्ज लिहिताना ‘संस्कृतीची आवड’ असे मोघम लिहू नये. किती चित्रांची नोंद केली, किती मुलाखती घेतल्या आणि मोडीची किती पाने वाचली, हे आकड्यांनिशी लिहून सोबत त्यातील एक पान नमुन्यादाखल जोडावे.