पहिल्या उसळीनंतरचे दोन सेकंद

विमान चालवायला शिकणाऱ्या नवख्याला सर्वात जास्त धास्ती असते हवेत इंजिन बंद पडण्याची. शिकाऊ विमानांची मोडतोड मात्र बहुतेक वेळा धावपट्टीवर, उतरताना होते.

माझ्याबरोबर शिकणाऱ्या एका मित्राच्या हातून सोलो सर्किटमध्ये, म्हणजे एकट्याने धावपट्टीभोवती फेरी मारून उतरण्याच्या सरावात, सेसना १७२ असंच मोडलं. मी ॲप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करतात त्या जागेवरून, पाहत होतो. फायनलवर, म्हणजे धावपट्टीकडे सरळ उतरत येताना, वेग जास्त होता. या विमानाला पूर्ण फ्लॅपवर (पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा पूर्ण खाली असताना) साधारण ६० ते ६५ नॉट, म्हणजे ताशी तेवढे सागरी मैल, पुरतात. वेग दहा टक्क्यांनी वाढला की गतिज ऊर्जा २१ टक्क्यांनी वाढते, आणि ती कुठेतरी खर्च व्हावीच लागते. शिवाय पंखांच्या टोकापासून टोकापर्यंतच्या लांबीपेक्षा कमी उंचीवर, म्हणजे ग्राउंड इफेक्टमध्ये, हवेचा विरोध घटतो. विमान तरंगत राहिलं. धावपट्टी संपत चालली म्हणून त्याने नाक खाली दाबलं. नोजव्हील, म्हणजे नाकाखालचं चाक, आधी टेकलं आणि विमान उसळलं. त्याने पुन्हा दाबलं, पुन्हा उसळी, ही आधीपेक्षा मोठी. तिसऱ्या वेळी नोजव्हीलचा पाय दुमडला आणि प्रोपेलर जमिनीवर आपटला. सुदैवाने त्याला खरचटलंही नाही.

पहिला धक्का त्या विमानाने सहज सोसला होता. घात केला तो त्यानंतरच्या दाबण्याने. उसळीच्या तालात आपला हात नेहमी थोडा उशिरा पोचतो. नाक वर जात असताना दिलेला दाब ते खाली येताना लागू पडतो. म्हणून उसळीचा पाठलाग करायचा नाही, हे अगदी पक्कं ठरवून ठेवा. उसळी लहान असेल तर नाक लँडिंगच्या स्थितीत धरा, हवी तर किंचित पॉवर द्या आणि विमानाला पुन्हा बसू द्या. मोठी असेल, किंवा लहान की मोठी हेच कळत नसेल, तर गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढायचं.

त्यातही गडबड होते. पूर्ण थ्रॉटल दिला की लँडिंगसाठी ट्रिम केलेलं (हातावर जोर न पडता त्या स्थितीत राहील असं लावलेलं) नाक जोरात वर जातं आणि डावीकडे वळतं. योक, म्हणजे हातातलं सुकाणू, पुढे धरून ठेवावा लागतो, पायाने उजवा रडर द्यावा लागतो. फ्लॅप एकदम पूर्ण उचलले तर विमान खाली बसतं. आधी २० अंशांवर आणा. वेग आणि उंची वाढायला लागली की उरलेले टप्प्याटप्प्याने.

प्रोपेलर आपटला की नुकसान दिसतं तेवढ्यावर थांबत नाही. क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनाच्या फिरत्या मुख्य दांड्याला, झटका बसतो, त्यामुळे इंजिन उघडून तपासतात. या विमानात नोजव्हील फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या धातूच्या भिंतीला, जोडलेलं असतं, तेव्हा तीही वाकलेली असू शकते. म्हणून लँडिंग नुसतं आदळल्यासारखं वाटलं तरी न लपवता सांगा. पुढच्या सर्किटला त्याच विमानात कदाचित तुमच्यासारखाच कुणी सोलो बसणार असतो.

विमान मोडून थांबलंच तर मिक्स्चर (इंजिनाला जाणारं इंधन-हवेचं मिश्रण) बंद, इंधन बंद, मॅग्नेटो (ठिणगी देणारं यंत्र) आणि मास्टर (विजेचा मुख्य स्विच) बंद, आणि बाहेर पडून प्रोपेलरपासून लांब. मग इतरांशी चर्चा करण्याआधी आठवतं तसं लिहून काढा. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे, म्हणजे इकाओ या आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या परिशिष्ट १३ नुसार, अपघाताच्या तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हाच असतो, दोष ठरवणं नव्हे. मित्राला हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्याची रात्रीची झोप तरी उडाली नसती.

नंतर इन्स्ट्रक्टरने त्याच्याकडून फ्लेअरमधून (टेकण्याआधी नाक उचलण्याच्या क्षणी) आणि उसळीतून गो-अराउंड करवून घेतले. तुम्ही हे सोलोच्या आधीच मागून घ्या. इन्स्ट्रक्टर शेजारी असताना, सुरक्षित उंचीवर आणि मग धावपट्टीवर.