९८,७६,५४,३२१ चे अवयव कागदावर कसे काढायचे

९ पासून १ पर्यंत अंक उलटे लिहिले की ही संख्या होते, अठ्ठ्याण्णव कोटी शहात्तर लाख चोपन्न हजार तीनशे एकवीस. दिसायला भारी वाटते पण पेन घेऊन बसलात तर अर्ध्या तासात बरीचशी सुटते.

शेवटी १ आहे म्हणजे २ आणि ५ कटाप. अंकांची बेरीज ४५, म्हणून ९ ने भाग जातो (१ ते ९ हे अंक कसेही फिरवा, बेरीज ४५ च, त्यामुळे त्यातून मूळ संख्या कधीच मिळणार नाही). भागून उरले १०,९७,३९,३६९. याची बेरीज ४७, म्हणजे ३ चं काम संपलं.

आता ७, ११, १३ तिन्ही एका फटक्यात बघायचे. ७ × ११ × १३ = १००१, आणि १००० हा त्याच्यापेक्षा फक्त एकाने कमी, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडून एक सोडून एक वजा करायचा: ३६९ − ७३९ + १०९ = −२६१. २६१ ला ७, ११, १३ कशानेच भाग जात नाही, तिघेही बाद. इथे एक घोळ होतो बरं का, आपला स्वल्पविराम लाख-कोटीचा, दोन-दोन अंकांवर पडतो, मी पहिल्यांदा तेच गट धरून ३६९ − ३९ + ९७ − १० केलं आणि ४१७ आलं. गंमत म्हणजे ४१७ लाही तिघांपैकी कोणाचाच भाग जात नाही, त्यामुळे चूक कित्येक दिवस कळलीच नाही! म्हणून आधी स्वल्पविराम पुसा, मग गट पाडा.

पुढे १७. सरळ भागाकार करा, ६४,५५,२५७ येतात, परत १७ ने भागा, ३,७९,७२१. तिसऱ्यांदा जात नाही.

इथून पुढे कंटाळवाणं आहे. ६१६ चा वर्ग ३,७९,४५६ आणि ६१७ चा त्याच्यापुढे जातो, म्हणून १९ पासून ६१३ पर्यंतच्या १०५ मूळ संख्यांनी भागून बघायचं. मोबाईलवर करा सरळ, कागदावर जीव काढू नका. एकानेही भाग जात नाही, म्हणजे ३,७९,७२१ मूळ. झालं: ३² × १७² × ३७९७२१. घातांकांत एकेक मिळवून गुणा, ३ × ३ × २ = १८ विभाजक.

१२,३४,५६,७८९ ची आठपट करून ९ मिळवले की हीच संख्या येते, करून बघा. म्हणून दोघींचा मसावि ९ च.

देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांनी अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला हर्षद नाव दिलं. आपली बेरीज ४५ पण ५ ने भागच जात नाही, त्यामुळे ही हर्षद नाही. मात्र हेच नऊ अंक ५ शेवटी ठेवून कसेही लावा, दर वेळी हर्षद मिळेल.