नाशिकला कॉम्प्युटर शिकताय? स्कॉलरशिप, इंटर्नशिप आणि पहिला जॉब कसा मिळवायचा

दरवर्षी फेब्रुवारी-मार्च आला की एसई-टीईची (इंजिनिअरिंग सेकंड-थर्ड इयरची) पोरं विचारत येतात, ताई स्कॉलरशिपचा फॉर्म अजून चालू आहे का, उन्हाळ्यात इंटर्नशिप कुठे मिळेल, आणि बऱ्याच जणांना सांगावं लागतं की अरे तो फॉर्म तर कधीच बंद झाला. फार जीवावर येतं असं सांगायला, कारण मार्क चांगले असतात, उत्पन्नाच्या अटीत बसतात, कोडिंगही येत असतं, फक्त तारीख गेलेली असते. म्हणून हा लेख महिन्यांच्या हिशोबाने लिहितेय. फॉर्म निघाल्यावर धावपळ करायची नाही, निघायच्या आधी कागदपत्रं आणि दाखवण्यासारखं काम तयार ठेवायचं, एवढं जमलं तर नाशकातल्या साध्या कॉलेजमधूनही भरपूर काही मिळतं. पुण्याला गेल्याशिवाय काही होत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी तर नक्की वाचा, यातलं निम्म्याहून जास्त काम कॉलेज रोडवरच्या रूममध्ये बसून लॅपटॉपवर होतं.

१. एप्रिल-मे: आधी कागदपत्रं

परीक्षा संपून गावी गेलात की हे काम उरकायचं. उत्पन्नाचा दाखला तहसीलदारांचा लागतो आणि तो तुमच्या स्वतःच्या तालुक्याचा लागतो, म्हणजे घर कळवण, सटाणा, येवल्याला असेल तर नाशकातून ऐनवेळी पळत जावं लागतं. दाखला आर्थिक वर्षापुरताच चालतो, ३१ मार्चला संपतो, म्हणून एप्रिल उजाडला की आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतूमधून नवीन काढायला टाका, जून-जुलैत अॅडमिशनवाल्यांची झुंबड असते. सोबत डोमिसाईल, शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीच्या मार्कशीट, कॅप राउंडचं (सरकारी सामायिक प्रवेश फेरीचं) अलॉटमेंट लेटर, रेशनकार्ड, आणि लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन क्रिमीलेयर. सगळं स्कॅन करून एका फोल्डरमध्ये ठेवा, फाईलची साईज कमी करून ठेवा कारण पोर्टल मोठी फाईल घेत नाही.

आता सगळ्यात जास्त पोरं जिथे अडकतात ते बँकेचं. खात्याला आधार दिलंय, केवायसी झालंय, म्हणजे झालं असं समजतात, पण सरकारी डीबीटीचे (थेट खात्यात येणारे) पैसे एनपीसीआय या बँकांचे व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे जे खातं तुमच्या आधारशी जोडलेलं आहे त्यातच जातात, आणि केवायसी (ओळख पडताळणी) आणि आधार सीडिंग (खातं आधारशी जोडणं) या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माय आधारच्या साईटवर बँक सीडिंग स्टेटस फुकट बघता येतं, बघून घ्या, वेगळंच जुनं खातं दिसत असेल तर बँकेत जाऊन फॉर्म भरून बदला. आणि आधारला मोबाईल नंबर कुणाचा आहे तेही बघा. वडिलांचा असेल तर प्रत्येक ओटीपीसाठी त्यांना फोन लावावा लागतो आणि ते शेतात असले की राहिलंच.

२. पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंत: स्कॉलरशिप

महाराष्ट्रातल्या बहुतेक सरकारी योजना महाडीबीटी पोर्टलवर आहेत. ओपन कॅटेगरीत असाल आणि घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती बघा, यात मुलांना ट्यूशन फीची ५० टक्के सवलत आहे. मुलींसाठी तर २०२४-२५ पासून मोठा बदल झालाय, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर इंजिनिअरिंगसारख्या व्यावसायिक कोर्सला ट्यूशन आणि परीक्षा फी १०० टक्के माफ. पण अॅडमिशन कॅप मधून झालेलं पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्याला हे मिळत नाही आणि अभिमत किंवा खासगी विद्यापीठालाही लागू नाही, त्यामुळे घरात धाकटी बहीण असेल तर तिच्या अॅडमिशनच्या वेळेलाच हा मुद्दा काढा, नंतर काही करता येत नाही. एससीच्या विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती आहे, उत्पन्न मर्यादा अडीच लाख, आणि सरकारी हॉस्टेलला नंबर लागला नसेल तर बाहेर राहण्या-जेवणाच्या खर्चासाठीची स्वाधार योजना नक्की बघा. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना राहण्याच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे, दिंडोरी-निफाडकडच्या कितीतरी घरांना हा लागू होतो आणि नावसुद्धा ऐकलेलं नसतं.

फॉर्म भरला की सुटलो असं अजिबात नाही. अर्ज आधी कॉलेजच्या स्कॉलरशिप विभागात जातो, तिथून पुढे सरकारी डिपार्टमेंटला, आणि मधे कुठेही कागद चुकला की तो सेंड बॅक होऊन तुमच्याच लॉगिनला येऊन बसतो. कुणी फोन करून सांगत नाही. आठवड्यातून एकदा लॉगिन करून स्टेटस बघा, आणि स्कॉलरशिप विभागातल्या सर-मॅडमना भेटत राहा, त्यांच्याकडे शेकडो अर्ज असतात. पुढच्या वर्षी रिन्यूअल पण आपणच करायचं असतं, आपोआप होत नाही.

केंद्राच्या योजनांसाठी नॅशनल स्कॉलरशिप पोर्टल. बारावी बोर्डाला ८० पर्सेंटाईलच्या वर असाल आणि घरचं उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल तर सेंट्रल सेक्टर स्कीम आहे, पहिली ३ वर्षं वर्षाला १२,००० आणि इंजिनिअरिंगच्या चौथ्या वर्षाला २०,०००. इथे ८० टक्के आणि ८० पर्सेंटाईल (म्हणजे बोर्डातल्या ८० टक्के मुलांच्या पुढे असणं) यात घोळ होतो, टक्के कमी असले तरी पर्सेंटाईलमध्ये बसू शकता, म्हणून आधी कट ऑफ बघा मग सोडा. मुलींसाठी एआयसीटीई या तांत्रिक शिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची प्रगती शिष्यवृत्ती, वर्षाला ५०,०००, उत्पन्न ८ लाखांच्या आत, एका घरातल्या दोन मुलींना चालते, डिप्लोमालाही आहे, पण अर्ज पहिल्या वर्षाला किंवा डिप्लोमा करून थेट सेकंड इयरला आलात तर त्या वर्षालाच करायचा. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असेल तर सक्षम, तीही तेवढीच. दोन सरकारी योजना एकाच वेळी घेता येतात का हे प्रत्येकीच्या नियमावलीत दिलेलं असतं, सबमिट करायच्या आधी ते पान वाचा.

खासगीत रिलायन्स फाउंडेशनची अंडरग्रॅज्युएट स्कॉलरशिप फर्स्ट इयरवाल्यांसाठी आहे, उत्पन्न मर्यादा १५ लाख, पूर्ण डिग्रीत मिळून २ लाखांपर्यंत, ऑनलाईन अॅप्टिट्यूड टेस्ट असते. आणि विद्यापीठाची कमवा व शिका योजना विसरू नका, कॉलेजच्या लायब्ररीत किंवा लॅबमध्ये काही तास काम करून खर्चाला हातभार लागतो, त्यात कमीपणा काहीच नाही.

३. वर्षभर: दाखवता येईल असं काम

रेझ्युमेवर लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम आणि टिक टॅक टो लिहून काही होत नाही, समोरच्याने ते शंभर वेळा पाहिलेलं असतं. तुमच्या आजूबाजूचा प्रश्न घ्या. लासलगावच्या कांद्याचे भाव रोज बदलतात आणि अॅगमार्कनेट या सरकारी साईटवर बाजार समित्यांचा रोजचा डेटा सगळ्यांना खुला आहे, तो पायथनने उतरवा, साफ करा, लासलगाव, पिंपळगाव, मनमाडच्या भावातला फरक दाखवणारं छोटं वेबपेज बनवा, मराठीत बनवा, घरी काकांना वापरायला द्या आणि ते कुठे अडखळतात ते बघून सुधारा. असा एक प्रोजेक्ट इंटरव्ह्यूत अर्धा तास बोलायला पुरतो, कारण डेटा का गहाळ होता, सुट्टीच्या दिवशी काय केलं, हे सगळं तुम्हाला खरंच माहीत असतं. तसंच सिंहस्थाचं. २०१५ च्या कुंभाच्या वेळी गर्दी, आरोग्य, पार्किंग अशा प्रश्नांवर कुंभथॉन या उपक्रमातून इथल्या मुलांनी काम केलं, नाशिकचेच रमेश रासकर एमआयटी मीडिया लॅबमधून त्यात होते, पुढे टीसीएस फाउंडेशनचं डिजिटल इम्पॅक्ट स्क्वेअर म्हणजे डिस्क हे नवकल्पनांचं केंद्र नाशकातच सुरू झालं. आता २०२७ च्या सिंहस्थाची तयारी चालू आहे, म्हणजे प्रश्न पुन्हा दारात आहेत.

कोड गिटहबवर (कोड ठेवायची साईट) टाका, रीडमी (प्रोजेक्टची माहिती देणारी फाईल) नीट लिहा, स्क्रीनशॉट लावा. शिकायला पैसे घालायची गरज नाही, आयआयटी बॉम्बेचे स्पोकन ट्युटोरियल मराठीतही आहेत, एनपीटीईएलचे (आयआयटींचे ऑनलाईन) कोर्स फुकट आहेत, सर्टिफिकेट हवं असेल तरच परीक्षेची फी. क्लासवाल्यांच्या मोठ्या पॅकेजच्या आधी हे करून बघा असं मी अगदी कळकळीने सांगेन.

४. ऑगस्ट ते एप्रिल: इंटर्नशिप

ऑगस्टच्या सुमारास कॉलेजमध्ये स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या सरकारी स्पर्धेची अंतर्गत फेरी होते, टीम ६ जणांची आणि त्यात निदान एक मुलगी पाहिजेच, त्यामुळे टीम जुलैतच ठरवा. रिसर्चची आवड असेल तर विज्ञान अकादम्यांच्या समर रिसर्च फेलोशिपचे अर्ज दिवाळीच्या आसपास असतात, म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचं आत्ता ठरतं, इथेच बहुतेक जण चुकतात. आयआयटी गांधीनगर, आयआयटी मद्रास यांचे समर प्रोग्राम त्यानंतर येतात. आयआयटी बॉम्बेच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रोजेक्टची फेलोशिप मला नाशिकच्या पोरांसाठी फार आवडते, कारण तिथे कॉलेजच्या नावापेक्षा स्क्रीनिंग टास्क महत्त्वाचा असतो, टास्क केला की आत.

गुगल समर ऑफ कोड, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या संस्थांसाठी मेंटॉरच्या मदतीने कोड लिहायचा कार्यक्रम, २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही खुलं आहे, १८ पूर्ण पाहिजे. फेब्रुवारीत संस्थांची यादी येते, मार्च-एप्रिलमध्ये प्रपोजल. पण यादी आल्यावर सुरुवात केली तर उशीर होतो, मागच्या वर्षीच्या यादीतून तुमच्या भाषेतला एक प्रोजेक्ट नोव्हेंबरमध्येच निवडा, छोटे बग सोडवा, मेंटॉरना तुमचं नाव ओळखीचं होऊ द्या. आउटरीची ही मुक्त सॉफ्टवेअरचीच इंटर्नशिप वर्षातून दोनदा असते, घरून काम, स्टायपेंड ७,००० डॉलर, आणि टेक क्षेत्रात ज्यांना कमी संधी मिळते त्यांच्यासाठीच ती आहे, मुलींनी तर नक्की अर्ज करा. पीएम इंटर्नशिप स्कीमबद्दल खूप विचारतात, २०२४ ला सुरू झाली तेव्हाच्या नियमाप्रमाणे ती २१ ते २४ वयाच्या, फुल टाइम शिक्षण चालू नसलेल्यांसाठी आहे, म्हणजे कॉलेज चालू असताना तिच्या भरवशावर राहू नका.

आणि नाशिकच्या कंपन्या! सातपूरला ईएसडीएससारखी डेटा सेंटर कंपनी आहे, विनजीत आहे, गंगापूर रोडपासून पाथर्डी फाट्यापर्यंत लहान लहान सॉफ्टवेअर ऑफिसेस आहेत ज्यांची जाहिरात कुठेच येत नाही. शिवाय सातपूर-अंबडचे कारखाने, तिथे स्टॉकचा हिशोब अजून एक्सेलमध्ये चालतो आणि तो नीट करून देणारं माणूस हवंच असतं. निमा आणि आयमा या उद्योजकांच्या संघटना आहेत, त्यांच्या कार्यक्रमांना जा, लोकांशी बोला. मेल करताना रेझ्युमे जोडून रिस्पेक्टेड सर एवढंच लिहू नका. चार ओळी पुरतात, मी कोण, तुमच्या कंपनीचं नेमकं कोणतं काम बघितलं, मी त्याच्या जवळचं काय केलंय त्याची लिंक, आणि कोणत्या महिन्यात किती आठवडे येऊ शकतो. आठवड्याने एकदा आठवण करा. उत्तर नाही आलं तर पुढची कंपनी.

पैसे मागणारी इंटर्नशिप घेऊ नका. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग फी, लॅपटॉपचं डिपॉझिट, सर्टिफिकेटचा चार्ज, नाव काहीही असो. टेलिग्रामवर इंटरव्ह्यू न घेता आलेलं ऑफर लेटर तर सरळ टीपीओ (प्लेसमेंट) सरांना दाखवा. कॉलेजला क्रेडिटसाठी सर्टिफिकेट लागतं म्हणून पोरं हजार-दोन हजार भरून मोकळी होतात, पण पुढे इंटरव्ह्यूत तू तिथे काय केलंस विचारलं की सांगायला काही नसतं.

५. शेवटचं वर्ष: जॉब

कॅम्पसला बऱ्याच कंपन्या दहावीपासून ६० टक्के आणि लाईव्ह बॅकलॉग (न सुटलेला विषय) नको अशी अट लावतात, म्हणून टीईचे विषय क्लिअर करणं ही पहिली तयारी. अॅप्टिट्यूड रोज थोडं. कॅम्पसला कमी कंपन्या येत असतील तर टीसीएस एनक्यूटीसारख्या नोकरभरतीच्या परीक्षा बाहेरूनही देता येतात, त्यांच्या करिअर पेजवर थेट रजिस्टर करा. सीडॅक या सरकारी संस्थेच्या पीजी डॅक डिप्लोमासाठी सीकॅट ही प्रवेश परीक्षा आहे. गेट (एमटेकची प्रवेश परीक्षा) तर थर्ड इयरलाच देता येते, एमटेकला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० स्टायपेंड असतं, घरचे पुढच्या शिक्षणाला पैशामुळे नको म्हणत असतील तर त्यांना हे सांगा. ओझरच्या एचएएलची (विमान कारखान्याची) अप्रेंटिसची जाहिरातही बघत राहा, त्यासाठी नॅट्स या केंद्राच्या अप्रेंटिस पोर्टलवर नाव नोंदवून ठेवा.

ऑफर आली की खुशीत लगेच सही करू नका. स्टायपेंड किंवा पगार हातात किती, सीटीसीत (कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) किती, बाँड किती महिन्यांचा आणि सोडलं तर किती भरायचे, कामाचं ठिकाण नाशिक की बाहेर, हे लेखी मागा. ओरिजिनल मार्कशीट कंपनीत ठेवायला कुणी सांगितलं तर देऊ नका, दाखवून परत घ्या. इंटर्नशिप सेमिस्टर चालू असताना असेल तर जॉईन व्हायच्या आधी विभागप्रमुखांकडून एनओसी (ना हरकत पत्र) घ्या आणि हजेरीचं त्यांच्याशी आधीच बोलून ठेवा, नाहीतर काम होतं आणि टर्म अडकते.